अक्षरे तीच, शब्द निराळे

दिलेल्या अक्षरांतून जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द शोधायचा, हा खेळ आज मोबाईलवर कोणीही खेळतो. त्यामागे एका नोकरी गेलेल्या माणसाची गोष्ट आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत महामंदी होती. १९३१च्या सुमारास आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराचे काम गेले. हातात वेळच वेळ. त्याने ठरवले की आपण एक खेळ तयार करायचा, निम्मा नशिबाचा आणि निम्मा बुद्धीचा. शब्दांचा खेळ करायचा तर कोणते अक्षर किती वेळा द्यायचे, हा पहिला प्रश्न. त्यासाठी हा गृहस्थ वर्तमानपत्रे समोर घेऊन अक्षरे मोजत बसला! ई सगळ्यांत जास्त, क्यू आणि झेड अगदी विरळ. आजही स्क्रॅबलच्या १०० ठोकळ्यांत ई १२ असतात, तर क्यू आणि झेड एकेकच. पण त्या एकाला १० गुण. एस मात्र बट्सने मुद्दाम चारच ठेवले. शेवटी एस लावून अनेकवचन करणे फार सोपे, खेळाची मजाच जाईल, असा त्याचा विचार.

खेळ तयार झाला, पण मोठ्या खेळणी-कंपन्यांनी तो नाकारला. पुढे जेम्स ब्रुनो नावाच्या माणसाने तो हाती घेतला आणि १९४८ साली त्याला स्क्रॅबल हे नाव मिळाले. पहिली काही वर्षे तोटाच झाला. मग १९५०च्या दशकात एकदम मागणी वाढली आणि लाखो संच खपले. बट्सच्या वाट्याला एका संचामागे काही सेंट तेवढे आले.

लांब शब्दाचे वेड एवढ्यावर थांबले नाही. १९६५ साली फ्रान्समध्ये दूरदर्शनवर एक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नावच होते 'सर्वांत लांब शब्द'. त्याच धर्तीवर २ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये 'काउंटडाउन' सुरू झाला. नऊ अक्षरे आणि तीस सेकंद. ज्याचा शब्द लांब, तो जिंकला. शब्द खरा की खोटा, ते कोश घेऊन बसलेले जाणकार सांगणार.

आता शोधायचे कसे? सरावलेले खेळाडू आधी शेपटी शोधतात. आय-एन-जी आहे का? ई-डी आहे का? ती बाजूला काढली की उरलेल्या अक्षरांतून धातू दिसू लागतो. दुसरी युक्ती म्हणजे अक्षरे वर्णानुक्रमाने लावणे. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे अशी लावून ठेवली, की ज्या शब्दांत तीच अक्षरे आहेत ते आपोआप एका जागी येतात. संगणकालाही हीच रीत सोयीची पडते.

माझ्या वर्गातले उदाहरण सांगतो. मी वर्षानुवर्षे फळ्यावर एज्युकेशन हा शब्द लिहीत असे. पाचही स्वर असलेला हा नऊ अक्षरांचा शब्द. मुले त्यातून अॅक्शन, नोटीस, युनायटेड असे शब्द काढत. एका मुलाने ऑक्शन काढला. मी विचारले, "अर्थ माहीत आहे का रे?" तो म्हणाला, "हो सर, कांद्याचा लिलाव." बाजार समितीच्या फलकावर त्याने तो शब्द पाहिला होता. अख्ख्या वर्गाला तो शब्द कायमचा कळला.

गंमत पुढेच आहे. एज्युकेशनची नऊच्या नऊ अक्षरे वापरून आणखी दोन शब्द होतात. एक कॉशन्ड, म्हणजे सावध केलेला. दुसरा ऑक्शन्ड, म्हणजे लिलावात काढलेला. त्याच शब्दाच्या पोटात डोनेट हा शब्दही आहे. खासगी महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या दिवसांत डोनेशन भरताना घाम फुटलेल्या पालकांना यावर वेगळे भाष्य नको!

आता एक नवल. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते! सुमारे नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. जिंकल्यावर आभार मानायला दुभाषा लागला. २०२४ साली त्याने स्पॅनिश स्पर्धाही अशीच जिंकली.

लोक हे ऐकून हसतात. मला हसू येत नाही. आमच्या पिढीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजी थोडेफार असेच शिकले. कानावर इंग्रजी कधी पडलेच नाही. बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल असे घोकून ते डोळ्यांतून आत गेले. म्हणून स्पेलिंग चोख आणि उच्चार डळमळीत. तरुणपणी एका मुलाखतीत माझ्या उच्चारांवर समोरचे तिघे हसले होते. त्यांच्यापैकी एकानेही मला एखादा शब्द लिहायला सांगितला नाही.

आपल्या मराठीत अक्षर असे सुटे होत नाही. क, कि, कू ही आपल्याला तीन अक्षरे वाटतात, त्यामुळे आपले खेळ कानाचे, भेंड्यांचे. इंग्रजीचे सुटे ठोकळे आपल्याला परके होते, तरी त्या फळ्यावर एक गोष्ट चांगली होती. नऊ अक्षरे सगळ्यांना सारखीच. डॉक्टरांच्या मुलाला आणि शेतमजुराच्या मुलीला तीच ई आणि तेच टी. तिथे उच्चारांना कोणी हसत नसे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. आता तर सर्वांत लांब शब्द यंत्र पापणी लवायच्या आत काढून देते. शोधण्याची ती मक्तेदारी संपली, याचे मला दुःख नाही. पण कांद्याचा लिलाव पाहिलेल्या त्या मुलाने शब्द शोधला आणि त्याला अर्थही जोडला. पाठांतराने दार उघडते हे मी स्वतः अनुभवले आहे; आत पाऊल मात्र अर्थानेच पडते.

असो. नातवंडांबरोबर हा खेळ खेळाल तेव्हा सापडलेल्या प्रत्येक शब्दामागे एकदा तरी विचारा, "अर्थ माहीत आहे का रे?"