‘लाभ कालावधी’ ते ‘कॅशलेस’ : आरोग्य विम्यातील अडचणीचे शब्द

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशच्या सीमेजवळ असलेल्या गुम्मिडिपूंडीत ‘सिपकॉट’ची औद्योगिक वसाहत आहे. येथील कामगारांच्या वेतनचिठ्ठीवर ‘ईएसआय’ म्हणून दिसणारी कपात महाराष्ट्रात राज्य कामगार विमा योजना या नावाने परिचित आहे. राज्य बदलले तरी तिचे मूळ नियम बदलत नाहीत.

योजनेसाठी मासिक वेतनाची मर्यादा 21,000 रुपये आहे. वेतनाच्या 0.75 टक्के कामगाराकडून आणि 3.25 टक्के मालकाकडून घेतले जातात, हे ‘अंशदान’. नोंदणी होताच उपचार मिळू लागतात, आजारपणातील रोख रक्कम मात्र लगेच मिळत नाही. सर्वाधिक गफलत येथेच होते. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या ‘अंशदान कालावधी’चा ‘लाभ कालावधी’ पुढील 1 जानेवारी ते 30 जून असतो. ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. अंशदान कालावधीत किमान 78 दिवसांचे अंशदान भरले असेल, तर ‘आजारपण लाभ’ म्हणून वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षात कमाल 91 दिवस मिळते. कंत्राटदार बदलताना काही महिने खंड पडला, तर त्याची झळ पुढच्या सहामाहीत, अंथरुणाला खिळल्यावर बसते. नव्या ठिकाणी जुनाच विमा क्रमांक देणे म्हणूनच महत्त्वाचे. कामावरील अपघाताला 78 दिवसांची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात 90 टक्के वेतन मिळते.

वेतन मर्यादेपलीकडे गेले, तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत संरक्षण कायम राहते. त्यानंतर प्रश्न येतो कंपनीच्या गट विम्याचा किंवा खासगी पॉलिसीचा, आणि शब्दही बदलतात. ‘कॅशलेस’ म्हणजे मोफत नव्हे. मंजूर रक्कम विमा कंपनी थेट रुग्णालयाला देते, उरलेली रुग्णाने भरायची. ‘को-पे’ हा बिलातील रुग्णाचा ठरलेला वाटा. ‘टीपीए’ ही दाव्याची कागदपत्रे हाताळणारी त्रयस्थ संस्था. पैसे तिचे नसतात. विमा घेण्यापूर्वीच्या आजारांसाठीची ‘प्रतीक्षा मुदत’ 2024 मध्ये विमा नियामकाने कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली.

त्याच वर्षीच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात, तर घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. त्याहून उशीर झाल्यास रुग्णालयाने आकारलेला जादा खर्च विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसावयाचा आहे.