बाळकांचा पश्चात्ताप

लहान मुलाकडून क्षमा मागवून घेणे सोपे आहे. कान जरासा पिळला म्हणजे झाले. ती क्षमा अंतःकरणातून यावी, हे मात्र कठीण. ख्रिस्तसभेस हा विचार शतकानुशतके पडलेला आहे.

सन १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने नियम केला, की समज आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे. पण समज येते कधी? ह्या वादापायी कित्येक प्रांती बाळकांचे प्रथम कम्युनियन दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत लांबले. कोठे कोठे त्यांस पापनिवेदनासही घेत नसत. अखेर ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस ह्यांच्या आज्ञेने रोमहून फर्मान निघाले, की सुमारे सातव्या वर्षी मूल विचार करू लागते, तेव्हापासून ते ह्या दोन्ही संस्कारांस पात्र होय.

त्या वयास काय शिकवावे? सन १५५१ मध्ये ट्रेंट धर्मपरिषदेने केलेली पश्चात्तापाची व्याख्या बाळकासही समजण्याजोगी आहे: केलेल्या पापाचे दुःख, त्याचा तिटकारा, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय.

पापनिवेदनात ऐकलेले ओठांबाहेर काढावयाचे नाही. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गातील गोष्ट सांगण्यास प्रत्यवाय नसावा. तेथे बाळके स्वतःचे एक पाप सांगतात आणि धाकट्या भावाची चार. 'मी मारले, पण सुरुवात त्यानेच केली!' हा 'पण' फार पुरातन आहे. एदेन बागेत आदामाने हव्वेकडे बोट दाखविले, हव्वेने सर्पाकडे. सर्पाला बोटच नव्हते, म्हणून तो बिचारा गप्प राहिला! हे ऐकून मुले हसतात, आणि पुढल्या खेपेस 'पण' आला की त्यांच्यातीलच कोणी 'सर्प, सर्प!' म्हणून ओरडतो. धाकाने मूल खोटे बोलावयास शिकते. हसता हसता मात्र स्वतःची चूक ओळखते. मग जक्कयाची चौपट भरपाईही त्यास पटते, आणि बहिणीची मोडलेली पेन्सिल तो आपण होऊन भरून देतो.

तथापि पहिले गुरू आईबापच होत. बांधावरून दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे अबोला धरीत असतील, तर त्यांच्या लेकरांस आम्ही काय शिकवावे? लेवीयच्या २५ व्या अध्यायाप्रमाणे पन्नासाव्या वर्षाचे शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशीच फुंकावयाचे असे, व ज्याची जमीन त्यास परत मिळे. ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षी वडील मंडळींनीच प्रथम एकमेकांच्या उंबरठ्यावर जावे, आणि जाताना मुलांस संगे न्यावे.