मुलं चालत जायची ती वाट

गेल्या जुलैतली गोष्ट. अमेरिकेत कोलोराडोमध्ये आरव्ही भाड्याने घेऊन आम्ही सहा जण निघालो होतो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन-रूम-किचन! मागे गॅस, फ्रिज, पलंग, शिवाय आईचा लाडू-चिवड्याचा साठा.

रॉकी माउंटन नॅशनल पार्कातला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. त्यातले जवळपास ११ मैल तर झाडं उगवतात त्या उंचीच्याही वर आहेत. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच. इंजिनाची ताकद घटते, माणसाचीही. आईने चहा टाकला तर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळलं. मुलांना त्याची भारी मजा वाटली. बाबा मात्र गप्प बसलेले. "काही नाही रे, जरा दम लागलाय," म्हणाले, पण ते वाक्यसुद्धा दोनदा थांबून. चहा तसाच ठेवला आणि खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवायला घेतली. पुढचा अर्धा तास मी आरशात फक्त त्यांच्याकडे बघत होतो.

पलीकडे ग्रँड लेकला पोचल्यावर ते सावरले. पीडब्ल्यूडीत आयुष्य गेलेला माणूस, पहिला प्रश्न काय? "अरे, एवढ्या उंचीवर चढ इतका बेताचा ठेवला कसा?"

मग शोधाशोध केली. आधीचा रस्ता फॉल रिव्हर रोड. त्याचं काम १९१३ मध्ये कैद्यांकडून सुरू करून घेतलं आणि तो १९२० मध्ये खुला झाला. चढ काही ठिकाणी १६ टक्के! तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोल टाकीतून नुसतं उताराने इंजिनात यायचं. खडा चढ आला की पुरवठा बंद, म्हणून लोक चक्क रिव्हर्समध्ये डोंगर चढायचे. शेवटी १९२९ मध्ये नवा रस्ता घेतला. बर्फामुळे वर्षातले जेमतेम चार महिने काम चाले. १९३२ मध्ये तो खुला झाला. कमाल चढ ७ टक्के. बाबा खूष.

पण नावातला तो 'ट्रेल' कोणाचा? यूट आणि अरापाहो लोकांचा. डोंगर ओलांडायला ते शेकडो वर्षं इथल्या पायवाटा वापरत. त्यातल्या एका वाटेला अरापाहो भाषेत नाव होतं, 'मुलं चालली ती जागा'. चढ इतका खडा की मुलांना उचलून नेता येत नसे, त्यांना चालावंच लागे. म्हणजे ही सहकुटुंब प्रवासाचीच वाट होती, मोटारींच्या कितीतरी आधीपासून.

१९१४ मध्ये पार्कची मागणी चालू असताना कोलोराडो माउंटन क्लबने अरापाहो वडीलधाऱ्यांना इथली जुनी नावं सांगायला बोलावलं. ७३ वर्षांचे गन ग्रिसवॉल्ड आणि ६३ वर्षांचे शर्मन सेज आले, वायोमिंगमधल्या विंड रिव्हर रिझर्वेशनमधून. ज्या मुलखात त्यांचे लोक उन्हाळे काढत, तिथे ते दोन आठवडे घोड्यावरून पाहुण्यासारखे फिरले. १९१५ मध्ये पार्क झालं. 'नेव्हर समर' पर्वत, 'कावुनीची' म्हणजे कोयोटीची दरी, ही नावं अरापाहोंचीच. नावं राहिली, माणसं मात्र नाही.

रात्री धाकटीला सांगितलं, तुझ्याएवढी मुलं इथून चालत जायची. तिने विचारलं, "आणि त्यांचे आजोबा?"

ग्रिसवॉल्ड ७३ वर्षांचे होते. बाबा ७१चे. मी तिला त्या दोघा आजोबांची गोष्ट सांगितली. बाबा शेजारी पडून ऐकत होते.