पोलिसांची टोइंग यादी : पाळी, पात्रता आणि कायदा

प्रस्तावना

समजा, तुम्ही म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरला निघाला आहात. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात असलेले हे गाव आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. गावाच्या अलीकडे मालाने भरलेला ट्रक रस्त्यात आडवा झाला आहे. पोलीस येतात, एक फोन करतात आणि काही वेळाने क्रेन हजर होते. तो फोन नेमका कुणाला गेला? त्यालाच का? आणि बिल कोण ठरवणार?

प्रश्न किरकोळ वाटतात, पण अपघातात सापडलेला माणूस घासाघीस करण्याच्या स्थितीत नसतो. पोलीस ज्याला बोलावतील त्याचेच पैसे त्याला द्यावे लागतात. त्यामुळे पोलिसांचा तो एक फोन म्हणजे शासनाने वाटलेला धंदाच असतो. तो कोणत्या नियमाने वाटायचा, याचा इतिहास या घटकात पाहू.

1. पाळीची पद्धत कशी आली?

अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने 1916 मध्ये मोटारीवर कप्पी आणि साखळ्या बसवून गाडी ओढणारे वाहन तयार केले. मोटारी वाढल्या तसा हा धंदाही वाढला. त्याबरोबर दोन दुखणी आली. एक, अपघाताची खबर लागताच अनेक टोइंगवाले एकाच जागी धाव घेत आणि गिऱ्हाइकासाठी भांडत. दोन, ओळखीच्या माणसालाच काम देऊन त्यातून वाटा घेण्याचा मोह पोलिसांना होई.

यावर निघालेला तोडगा म्हणजे पाळीची यादी. पात्र व्यावसायिकांची नावे क्रमाने लिहायची. पहिला फोन पहिल्याला, पुढचा दुसऱ्याला. काम झाले की नाव यादीच्या तळाशी जाते. पोलिसाच्या मर्जीला यात जागा उरत नाही.

मात्र पाळी न्याय्य व्हायची तर यादीत कुणाला घ्यायचे हे आधी ठरायला हवे. कॅलिफोर्नियातील महामार्ग पोलीस यासाठी टोइंग व्यावसायिकांशी लेखी करार करतात. त्यांच्या अटी साधारण अशा असतात :

- वाहनाची वजन ओढण्याची क्षमता. त्यानुसार 'ए' ते 'डी' असे वर्ग पाडलेले असतात.
- पुरेसा विमा आणि वाहनांची तपासणी.
- चालकांचा परवाना व पूर्वेतिहास यांची पडताळणी.
- ओढून आणलेली वाहने ठेवण्यासाठी सुरक्षित आवार.
- ठरलेल्या वेळेत पोहोचण्याची हमी आणि वाजवी दर.

काम मिळवून देण्याच्या बदल्यात टोइंगवाल्याने कमिशन किंवा भेट देणे आणि कुणी ती घेणे, दोन्हीला तिथल्या वाहन कायद्यात मनाई आहे.

2. यादीतून नाव काढले तर?

शिकागोजवळच्या नॉर्थलेक शहरात 'ओहेअर ट्रक सर्व्हिस' ही कंपनी 1965 पासून यादीवर होती. सबळ कारणाशिवाय कुणाचे नाव काढायचे नाही, असा तिथला प्रघात होता. 1993 च्या निवडणुकीत कंपनीच्या मालकाने महापौरांच्या प्रचाराला वर्गणी नाकारली आणि विरोधकाचे फलक आपल्या जागेत लावले. त्यानंतर कंपनीचे नाव यादीतून गेले. 1996 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला : राजकीय मतासाठी शासन जसा आपल्या नोकराला शिक्षा करू शकत नाही, तशी ती या स्वतंत्र व्यावसायिकालाही करता येणार नाही.

3. भारतातील वाट

आपल्याकडे आधार आहे मोटार वाहन कायदा, 1988 चा. कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या ठिकाणी उभे केलेले वाहन हलवण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. खर्च मालकाचा. पण टोइंग करणारा कसा निवडायचा, याबद्दल हे कलम काही सांगत नाही. कलम 201 मध्ये आधी 'शासकीय यंत्रणा' असे शब्द होते. 2019 च्या दुरुस्तीने त्यांच्या जागी शासनाने 'अधिकृत केलेली यंत्रणा' आली. खाजगी कंत्राटदाराला कायद्याच्या भाषेत जागा मिळाली ती अशी.

मुंबई, पुणे, बेंगळुरू येथे प्रामुख्याने कंत्राट पद्धत रुजली. तिच्यातला फरक नीट लक्षात घ्या. पाळीत कुणीही स्वतःहून काम वाढवू शकत नाही. कंत्राटदाराला उचललेल्या प्रत्येक गाडीमागे पैसे मिळत असतील, तर जितक्या गाड्या उचलाव्या तितका त्याचा फायदा. बेंगळुरूमध्ये नागरिकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2022 च्या फेब्रुवारीत राज्य शासनाला टोइंग थांबवावे लागले. राष्ट्रीय महामार्गांवर तिसरी रीत दिसते. तिथे 1033 हा मदत क्रमांक आहे आणि क्रेन पुरवण्याची जबाबदारी रस्ता चालवणाऱ्या कंत्राटदारावर असते.

पात्रतेचे तत्त्व मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टोइंगचा विषय नसतानाच घालून दिले आहे. नोव्हेंबर 1974 मध्ये 'इरुशियन इक्विपमेंट' खटल्यात न्यायालयाने म्हटले की, कुणाला काळ्या यादीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. 1979 च्या 'रमण दयाराम शेट्टी' खटल्यात वाद होता मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाचा. निविदेत पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत हॉटेलचालकाची अट होती, पण काम ती अट पूर्ण न करणाऱ्याला दिले गेले. शासनाने स्वतः घातलेली अट स्वतः पाळलीच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. अर्जदार उशिरा आल्यामुळे त्याला प्रत्यक्ष दाद मिळाली नाही. तत्त्व मात्र टिकले.

समारोप

सरगूरसारख्या गावी क्रेनमालक मोजकेच असणार. तिथे लांबलचक निविदा व्यवहार्य ठरणार नाही. पण अटी लेखी असणे, दरपत्रक ठाण्यात लावलेले असणे आणि फोनांची क्रमवार नोंद ठेवणे, एवढे एका वहीतही होऊ शकते. वरचा सारा इतिहास त्या वहीचेच महत्त्व सांगतो.

स्वाध्याय

1. पाळी आणि कंत्राट या दोन पद्धतींत टोइंगवाल्याचे हितसंबंध कसे बदलतात?
2. ओहेअर आणि इरुशियन या खटल्यांतील साम्य व भेद लिहा.
3. तुमच्या गावच्या पोलीस ठाण्यासाठी पात्रतेच्या पाच अटी सुचवा आणि प्रत्येकीचे कारण द्या.