पितळी वाद्य किती वेळा घासावे? : न्यूर्नबर्गच्या सशापासून पावसाळ्यातील काडतुसांपर्यंत (धागा)

ट्रम्पेट वा ट्रॉम्बोन शिकू लागलेल्या प्रत्येकास हा प्रश्न लवकरच पडतो: वाद्य किती दिवसांनी स्वच्छ करावे? याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. ज्यास आपण सरसकट ‘स्वच्छता’ म्हणतो, ती प्रत्यक्षात तीन निरनिराळी कामे आहेत: आतील ओल काढणे, हलत्या भागांना तेल देणे आणि बाहेरची चकाकी राखणे. यांतील पहिले काम फुंकून वाजवण्याच्या वाद्याइतकेच जुने आहे, तिसऱ्याचा ध्यास लष्कराने लावला, आणि आपण बहुधा तिसऱ्यालाच सर्वाधिक वेळ देतो.

सुरुवात जर्मनीतील न्यूर्नबर्ग शहरापासून करू. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील उत्तमोत्तम ट्रम्पेट येथे घडत. त्या ट्रम्पेटला कळा नसत. दोन सरळ नळ्या, दोन वळणे आणि पुढचा कर्णा, एवढाच संसार. आश्चर्याची गोष्ट अशी की हे भाग बहुधा कायमचे डाखलेले नसत. एक नळी दुसरीत घट्ट बसवायची, सांधा मेणाने बंद करायचा आणि मध्ये लाकडी ठोकळा ठेवून दोरीने सारे आवळायचे. त्यामुळे वाद्य सुटे करता येई. पोचा काढणे सोपे आणि आतून साफ करणेही सोपे. तेल देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हलणारे काहीच नव्हते.

ओल मात्र तेव्हाही होती. फुंकरीतील उष्ण वाफ थंड धातूला लागून पाणी होते, त्यात लाळेतील क्षार मिसळतात आणि पितळ आतून झिजू लागते. पितळेच्या भांड्यात राहिलेले ताक कळकते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असे. येथे बिघाड भांड्याच्या बाजूने पाहायचा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ओलसर क्षारांच्या सहवासात जस्त आधी निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. बाहेरून दिसणारे लालसर ठिपके ही या रोगाची उशिराची खूण होय. बाहेर आरशासारखी चकाकी असलेले वाद्यही आतून पोखरलेले असू शकते.

वादकाच्या फुप्फुसांचाही येथे संबंध येतो. अमेरिकेतील एका ट्रॉम्बोनवादकाला सुमारे पंधरा वर्षे खोकला होता. सुटीत वाद्य वाजवणे थांबले की तो कमी होई. वाद्याच्या आत जंतू व बुरशी आढळली आणि वाद्य नियमित निर्जंतुक करू लागल्यावर रुग्णास आराम पडला. हे प्रकरण 2010 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तेलाचे काम त्यामानाने अर्वाचीन. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला पंधराव्या शतकापासून वंगण लागत आले. परंतु इतर वाद्यांवर ही वेळ आणली ती व्हॉल्व्हने. 1814 च्या सुमारास हाइनरिश श्ट्योल्त्सेल याने हॉर्नला व्हॉल्व्ह बसवले आणि 1818 मध्ये त्याला व फ्रीडरिश ब्ल्यूमेल याला प्रशियात संयुक्त पेटंट मिळाले. पॅरिसच्या पेरिने याने 1830 च्या दशकाअखेर सुधारलेल्या पिस्टनची घडण आजच्या बहुतेक ट्रम्पेटांत कायम आहे. पिस्टन आणि त्याचे नळकांडे यांत केसाहूनही कमी फट असते. तीत मळ साचला की स्वर अडकलाच! मेणाच्या सांध्यांचे वाद्य थोडी हेळसांड सोसे, हे सोसत नाही.

आता चकाकी. एकोणिसाव्या शतकात युरोपात लष्करी बँड वाढले आणि बटण, बिल्ला, बिगुल हे सारे एकाच शिस्तीने घासले जाऊ लागले. ब्रिटिश पलटणींबरोबर ही वाद्ये आणि ही सवय हिंदुस्थानात आली. पुढे वरातीच्या बँडने दोन्ही उचलली. 1905 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रासो बाजारात आले आणि घासणे आणखी सोपे झाले.

या घासण्यात काय गमावते, ते न्यूर्नबर्गच्या हास घराण्याकडे पाहिल्यास कळते. योहान विल्हेल्म हास (1649–1723), त्याचा मुलगा आणि नातू या तिघांनीही आपल्या वाद्यांवर उडी घेणाऱ्या सशाची मुद्रा उमटवली. नावाची अक्षरेही तीच ठेवली. कोणते वाद्य कोणत्या पिढीचे, हे ठरवताना अभ्यासक सशाच्या चित्रणातील बारीकसारीक फरक पाहतात. आता कल्पना करा, तो ससाच घासून गुळगुळीत झाला तर? कर्ण्याचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातील थोडा धातू घेऊन जाते. माझ्या मते अतिस्वच्छतेने पुसलेला पुरावा हा गंजाने खाल्लेल्या पुराव्याइतकाच मोठा तोटा आहे. फक्त त्याबद्दल कोणी हळहळत नाही.

पॉलिशचा दुसरा धोका समजला तो भारतातील काडतुसांमुळे. पावसाळ्यात ब्रिटिश फौजेच्या हालचाली मंदावत आणि दारूगोळा कोरड्या जागी, पुष्कळदा तबेल्यांत, ठेवला जाई. पावसाळा संपला की काडतुसांची पितळी टरफले तडकलेली सापडत. या कोड्याचा उलगडा 1921 मध्ये झाला: घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया आणि पत्रा ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, या दोहोंच्या संगनमताने पितळ चिरते. ट्रम्पेटच्या नळ्याही ओढून आणि वाकवूनच घडतात. आणि धातूच्या अनेक द्रवरूप पॉलिशांत अमोनिया असतो. जुन्या वाद्यांवर अशी पॉलिशे वापरू नयेत, असे संवर्धक सांगतात ते याचमुळे.

स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तर न्यूट्रॉनच्या साहाय्याने जुन्या वाद्यांच्या आत डोकावून पाहिले. ऐतिहासिक वाद्य वाजवावे की कपाटात ठेवावे, हा त्यांचा प्रश्न होता. वाजवून झाल्यावर आतून हवा खेळवून नळी कोरडी करणे, हा त्यांनी तपासलेला उपाय. तीनशे वर्षांनंतर गाडी पुन्हा ओलीपाशीच आली.

तेव्हा आजच्या वादकासाठी: वाजवून झाल्यावर दर वेळी पाणी काढावे आणि बाहेरून मऊ फडक्याने पुसावे. पिस्टनला रोज किंवा एक-दोन दिवसांआड तेल. तोंडाचा भाग आठवड्याला धुवावा. महिना-दोन महिन्यांनी सारे भाग सुटे करून कोमट साबणपाण्याने, लवचीक ब्रशने आतून साफ करावेत. पाणी कढत नको, लॅकर सुटते. वर्षातून एकदा कारागिरास दाखवावे. लॅकर असलेल्या वाद्याला पॉलिश लावूच नये.

आणि कोणाच्या घरी वा गावच्या देवळात जुनी तुतारी, शिंग किंवा कर्णा असेल, तर उत्सवाआधी चिंच आणि राख हाती घेण्यापूर्वी थोडे थांबावे. चिंचेतील आम्ल आणि राखेची घासणी तांब्याभांड्याच्या जाड पत्र्यास चालून जाते. पातळ पत्र्यावरची कोरीव अक्षरे मात्र तिने बोथटतात. प्रथम कर्ण्याची कड तिरप्या उजेडात धरून पाहावी. एखादे नाव, शक किंवा चिन्ह दिसले, तर त्याचे स्वच्छ छायाचित्र काढावे आणि तेवढी जागा फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसावी.