येत्या आठवड्याचे कार्यक्रम

वाङ्मयेतिहासाची साधने कोणती, या प्रश्नाला आपण सहसा ग्रंथ, नियतकालिके, पत्रव्यवहार आणि रोजनिश्या असे उत्तर देतो. दूरचित्रवाणीच्या साप्ताहिक कार्यक्रमपत्रिकेला या यादीत स्थान द्यावे, असे काही वर्षांपूर्वी कोणी सुचविले असते तर मीही ते हसण्यावारी नेले असते. माझी एक विद्यार्थिनी चिं. वि. जोशी यांच्या साहित्याच्या रूपांतरांवर प्रबंध लिहीत होती. दिलीप प्रभावळकर यांनी साकार केलेला चिमणराव मुंबई दूरदर्शनवरून कोणत्या तारखांना, कोणत्या वेळी आणि कशाच्या आगेमागे दिसत असे, एवढीच माहिती तिला हवी होती. ती मिळेना. एका जुन्या ग्रंथालयात वृत्तपत्रांचे बांधीव खंड व्यवस्थित लावलेले होते. पण बांधणीच्या वेळी रविवारच्या पुरवण्या वगळलेल्या होत्या. त्यांत काय जपून ठेवायचे, असा विचार तेव्हा कोणीतरी केला असणार. त्या कोणाला दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण मीही तेच केले असते.

पुरवण्यांचे मोल एरवी कमी असते. परंतु येथे मूळ संहिताच उरलेली नाही. चित्रफीत महाग होती, तेव्हा जुने पुसून त्याच फितीवर नवे मुद्रित करण्याची रीत जगभर होती, बी. बी. सी.सारख्या संपन्न संस्थेनेही आपले कितीतरी कार्यक्रम असेच गमावले. आपल्याकडील आरंभीच्या कार्यक्रमांपैकी पुष्कळ आज पाहायला मिळत नाहीत. ज्या नाट्यप्रवेशाची फीत नाही, ज्या मुलाखतीचे टिपण नाही, तिच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून वर्तमानपत्रातील एक ओळच शिल्लक राहते. तीही नसेल तर इतिहासापुरती ती मुलाखत झालीच नाही.

या ओळीला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो भांडणापासून सुरू होतो. ब्रिटनमध्ये नभोवाणी नवी असताना वृत्तपत्रमालकांनी तिचे कार्यक्रम छापण्यासाठी जाहिरातीचे दर मागितले. त्यातून २८ सप्टेंबर १९२३ रोजी ‘रेडिओ टाइम्स’ निघाले. केवळ पुढे काय ऐकू येणार आहे हे सांगणारे नियतकालिक लोक विकत घेतात, हे तेव्हा सिद्ध झाले. आपल्याकडे १९२७ साली मुंबई आणि कलकत्ता येथील केंद्रे सुरू झाली, त्याच वर्षी ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघाले. १९३५ मध्ये त्याचे नाव ‘इंडियन लिसनर’ झाले. १९२९ पासून बंगालीत ‘बेतार जगत्’ होते. त्याच्याकडे बंगाली अभ्यासक आज वाङ्मयीन नियतकालिक म्हणूनही पाहतात. युरोपात तर येत्या आठवड्याची यादी ही कोणाची मालमत्ता, हा वाद १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि प्रक्षेपण संस्थांना त्या यादीची मक्तेदारी सोडावी लागली.

दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आली, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आठवड्यातून दोनच दिवस प्रक्षेपण होते. पु. ल. देशपांडे त्या प्रारंभीच्या निर्मात्यांपैकी एक होते, हे येथे आठवते. दररोजचे प्रक्षेपण १९६५ मध्ये आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरून पुण्यातही दिसू लागले. वाहिनी एकच, संध्याकाळचे थोडे तास, आणि त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशी वाटणी. ‘आमची माती, आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, गुजराती ‘आवो मारी साथे’, हिंदी ‘छायागीत’ ही सारी नावे एकाच पडद्यावर आळीपाळीने येत. ‘साप्ताहिकी’ या कार्यक्रमात निवेदिका पुढील सात दिवसांचे कार्यक्रम सांगे. प्रेक्षक तो कार्यक्रमही कार्यक्रम म्हणूनच पाहत. त्याच्या वेळी घरात कोणी बोललेले चालत नसे.

माझ्या विद्यार्थिनीला अखेरीस जे साधन सापडले, ते पुण्यातील एका निवृत्त शिक्षकांची वही. हे गृहस्थ ‘साप्ताहिकी’ पाहताना पुढील आठवड्याचे कार्यक्रम टिपून घेत, पाहायचे त्यांच्याखाली रेघ ओढत आणि पाहून झाल्यावर बरोबरची खूण करीत. जेथे रेघ आहे पण खूण नाही, तेथे कारण लिहिलेले आहे : ‘वीज गेली’, ‘पाहुणे’, ‘उत्तरपत्रिका’, एके ठिकाणी नुसतेच ‘कंटाळा’. प्रथम काही वर्षे कार्यक्रमापुढे आणखी एक अक्षर दिसते. ते कशाचे हे आम्हांला उमगेना. त्यांच्या कन्येने सांगितले : त्यांच्या घरी तेव्हा संच नव्हता, आणि ते अक्षर म्हणजे ज्या शेजाऱ्यांकडे पाहायला जायचे त्यांचे आडनाव. एका घरी आठवड्यातून दोनदांपेक्षा अधिक जाणे बरे दिसत नाही, म्हणून ते तीन घरांत कार्यक्रम वाटून घेत. चित्रपटासाठी जेथे जायचे तेथे मुलाखतीसाठी जायचे नाही, कारण तेथे मुलाखतीच्या वेळी पानावर बसत.

‘तेव्हा एकच वाहिनी होती, म्हणजे निवड नव्हती’ हे विधान माझ्या पिढीनेच रूढ केले. ही वही पाहिल्यावर ते मला अपुरे वाटू लागले. वाहिनी एक असली तरी वेळ, शेजार, भिडेचे हिशेब आणि चार भाषा यांतून निवड करावीच लागे. आणि ती आठवडाभर आधी, विचारपूर्वक करावी लागे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये एखादा लेखक येणार असे कळले की हे शिक्षक त्याचे पुस्तक मधल्या दिवसांत वाचनालयातून आणत. वहीत तशा नोंदी आहेत. म्हणजे कार्यक्रम पाहण्यापूर्वीच त्याचे वाचन सुरू झालेले असे. अर्थात यावरून तो काळ सुवर्णयुग ठरत नाही. पडद्यावर काय येणार हे शासन ठरवी. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात बातम्यांना पर्याय नव्हता, आणि वही नापसंतीची कारणे देते तेव्हाही ती फार जपून देते.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रंगीत प्रक्षेपणाच्या कौतुकात एक गोष्ट नजरेआड झाली, ती म्हणजे प्रादेशिक केंद्रांची रात्रीची वेळ गेली. वहीत त्यानंतर मराठी कार्यक्रमांखालच्या रेघा कमी होत जातात आणि सहानंतरच्या एक-दोन तासांत गोळा होतात. याची भरपाई काही अंशी रविवारी दुपारी होई. विविध भाषांतील चित्रपट उपशीर्षकांसह दाखविण्याचा जो उपक्रम ऐंशीच्या दशकात चालला, त्याचे महत्त्व आपल्या समीक्षेने पुरेसे ओळखलेले नाही. वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना आपल्या भाषेचा चित्रपट घरात दिसायला अनेक रविवार थांबावे लागे. पण त्या थांबण्यात बंगाली, मल्याळम, कन्नड, असमिया चित्रपट येऊन जात. आमच्या शिक्षकांनी त्यांतील कितीतरी चित्रपटांवर खूण केलेली आहे. भाषा कळत नसलेल्या चित्रपटापुढे त्यांनी एकदा लिहिले आहे : ‘पुन्हा पाहायला हवा’.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या वहीतील १९८७ आणि १९८८ ही वर्षे विशेष पाहावीत. आर. के. नारायण यांच्या कथांवरील शंकर नाग यांचे ‘मालगुडी डेज’, भीष्म साहनी यांच्या साहित्य अकादेमी पुरस्कारप्राप्त कादंबरीवरील गोविंद निहलानी यांचे ‘तमस’, श्याम बेनेगल यांचे ‘भारत एक खोज’ : भारतीय गद्य इतक्या मोठ्या समुदायापुढे त्यापूर्वी क्वचितच गेले असेल. ‘तमस’चे प्रक्षेपण थांबवावे म्हणून लोक न्यायालयात गेले, उच्च न्यायालयाने आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविण्यास नकार दिला. पण याच काळात, २५ जानेवारी १९८७ पासून, रविवारच्या सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि त्या वेळेपुरती निवडच संपली. वहीत त्याच्याखाली रेघ नाही. खूण मात्र दर आठवड्याला आहे. घरातील सर्वजण पाहत होते, त्यांत ठरवण्यासारखे काही नव्हते.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी आल्यावर शिक्षकांनी पानाचे दोन स्तंभ केले, मग तीन. १९९३ च्या उन्हाळ्यात ते थांबले. पुढचा भाग आपण सारे जाणतोच. वृत्तपत्रांतील तक्ता बारीक टंकात गेला, नंतर पडद्यावरच आला. फेब्रुवारी २०१९ पासून नव्या दरपद्धतीने आपण कार्यक्रमांऐवजी वाहिन्या निवडून त्यांचे पैसे भरू लागलो; आणि आंतरजालावरील सेवांमध्ये तर ‘येता आठवडा’ ही कल्पनाच नाही, तेथे सारे आताच उपलब्ध असते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा ठरावीक वेळी दाखविले, तेव्हा माझ्या घरातील तरुण मंडळींनी पहिला प्रश्न विचारला तो असा : पुढचा भाग आत्ताच का पाहता येत नाही?

विद्यार्थिनीने प्रबंधात वहीचा आधार घेतला. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी तिच्या विश्वसनीयतेविषयी शंका घेतली, ती रास्तच होती : शिक्षकांनी ऐकण्यात चूक केली असेल, कार्यक्रम ऐनवेळी बदलला असेल. तिने उत्तर दिले की, बदललेल्या कार्यक्रमांची नोंद वेगळ्या शाईत आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ नंतरचे दिवस संपूर्ण खोडून तेथे ‘दुखवटा, वाद्यसंगीत’ असे लिहिले आहे. कन्येच्या संमतीने वहीची छायाप्रत आम्ही विभागाच्या ग्रंथालयात ठेवली. दाखल नोंदवहीत तिच्यासाठी विषयाचा रकाना भरायचा होता. ग्रंथपालांनी थोडा विचार केला, माझ्याकडे पाहिले आणि ‘इतर’ असे लिहिले.