नोंद आणि नजर : कुलाबा वेधशाळेच्या नोंदवहीपासून संगणकाच्या लॉग फाइलपर्यंत

प्रस्तावना

संगणकावर घडणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या घटनेची नोंद आपोआप होत असते. कोणी, केव्हा प्रवेश केला, कोणती मागणी नाकारली गेली, कोठे बिघाड झाला, हे सारे तारीख व वेळेसह ज्या फाइलमध्ये ओळीमागून ओळ लिहिले जाते तिला 'लॉग फाइल' म्हणतात. या फाइलमध्ये पडणारी प्रत्येक नवी ओळ त्याच क्षणी वाचून, धोक्याचे लक्षण दिसताच इशारा देणारी छोटी आज्ञावली, म्हणजेच 'स्क्रिप्ट', लिहिणे हे आज संगणक विभागातील नित्याचे काम झाले आहे. हे काम सर्वस्वी आधुनिक आहे असा सर्वसाधारण समज आहे. तथापि, नोंद होत असतानाच ती वाचणे, बदल ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास निरीक्षणाची गती वाढविणे आणि नोंदीची मालिका खंडित होऊ न देणे ही तिन्ही तत्त्वे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत प्रत्यक्ष आचरणात होती. त्या इतिहासाच्या आधारे आजच्या संगणकीय व्यवहाराचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदवहीची परंपरा

'लॉग' हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडी ठोकळा पाण्यात सोडला जाई व ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या हे मोजले जाई. वेगाला 'नॉट' हे परिमाण लाभले ते या गाठींवरून. आणि ते आकडे ज्या वहीत उतरविले जात, ती लॉग बुक झाली. रत्नागिरीसारख्या बंदराच्या गावी वाढलेल्या वाचकास या शब्दाचे मूळ समुद्रात सापडावे याचे आश्चर्य वाटणार नाही.

महाराष्ट्रातही दैनंदिन नोंदीची परंपरा जुनी आहे. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी हे तिचे ठळक उदाहरण होय. मात्र रोजकीर्द आणि लॉग बुक यांच्या प्रयोजनात एक फरक आहे. रोजकीर्दीचा उपयोग मुख्यतः झालेल्या व्यवहाराचा हिशेब नंतर तपासण्यासाठी होता. जहाजावरील नोंदीचा उपयोग पुढच्या तासाला सुकाणू कोणीकडे वळवायचे हे ठरविण्यासाठीही होता. एका नोंदीचे तोंड भूतकाळाकडे, तर दुसरीचे वर्तमानाकडे आहे. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरणार आहे.

कुलाबा वेधशाळा आणि कोकणातील विद्वान

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. खगोलीय वेध घेणे व बंदरातील जहाजांसाठी अचूक वेळ राखणे हे तिचे आरंभीचे काम होते. १८३० च्या दशकात जर्मनीतील गटिंगेन येथे गाउस व वेबर यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे अनेक ठिकाणी एकाच वेळी निरीक्षण करण्याची योजना आखली. वर्षातील नेमलेल्या दिवशी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, सर्वत्र एकाच गटिंगेन वेळेनुसार चुंबकसूचीचे वाचन करावे असे ठरले. पुढे ब्रिटिश साम्राज्यातही अशा वेधशाळांचे जाळे उभे राहिले आणि १८४१ मध्ये कुलाबा येथे चुंबकीय निरीक्षणांस प्रारंभ झाला. एल्फिन्स्टनमधील गणिताचे प्राध्यापक आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार हे त्या कामाचे प्रमुख होते.

या कामाशी दोन मराठी नावे निगडित आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. त्यांचे गाव पोंभुर्ले हे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी १९८१ च्या विभाजनापूर्वी तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. दुसरे नाव केरूनाना छत्रे यांचे. चुंबकीय वेध सुरू झाले त्या काळात, अगदी तरुण वयात, ते वेधशाळेत सहायक म्हणून रुजू झाले. पुढे डेक्कन कॉलेजात याच केरूनानांकडे रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी गणिताचे अध्ययन केले. वृत्तपत्रकार व गणिती म्हणून या दोघांचा गौरव आपण करतो. परंतु अचूक व अखंड नोंदीच्या शिस्तीत वावरलेले कार्यकर्ते म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

२ सप्टेंबर १८५९

१८५९ मध्ये वेधशाळेचे अधीक्षक लेफ्टनंट फर्ग्युसन हे इंडियन नेव्हीचे अधिकारी होते. चुंबकसूचीचे वाचन माणसे डोळ्यांनी करीत व आकडा हाताने वहीत लिहीत. सामान्यतः हे वाचन तासातासाने होई. परंतु सूचीचे चलन नेहमीपेक्षा अधिक झाल्यास वाचनातील अंतर कमी करून ते पंधरा मिनिटांवर, प्रसंगी पाच मिनिटांवर आणावे अशी पद्धत होती.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर प्रखर प्रकाशाचा स्फोट पाहिला. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर अतितीव्र चुंबकीय वादळ सुरू झाले. अनेक देशांत तारायंत्रे विस्कळीत झाली व ध्रुवीय प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. मुंबईत त्या वेळी २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या सहायकांनी सूची ढळू लागताच वाचनाची गती वाढविली. क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाल्याचे त्यांच्या नोंदीवरून दिसते. मूळ मूल्याच्या तुलनेत ही घट सुमारे चार टक्के भरते. एरवीच्या दैनंदिन चढउतारांच्या मानाने ती प्रचंड होय.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लंडमधील ग्रीनिच व क्यू येथील वेधशाळांत त्या वेळी छायाचित्रण-पद्धतीने आपोआप आलेख काढणारी उपकरणे होती. वादळाच्या तीव्र काळात त्यांची रेषा कागदाबाहेर गेली. यंत्राने नोंद केली. पण नोंद कागदाबाहेर जात असताना ती कोणी वाचत नव्हते, कारण कागद धुऊन निघाल्याखेरीज त्यावर काय उमटले हे कळण्याचा मार्गच नव्हता. कुलाब्याची पद्धत तुलनेने जुनी होती; तेथे मात्र नोंद करणारा हाच वाचणाराही होता. म्हणूनच ब्रूस सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, जी. एस. लखिना व एस. अलेक्स यांनी २००३ मध्ये या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास आधार लाभला तो कुलाब्याच्या आकड्यांचा.

वाचनातील अंतर किती महत्त्वाचे असते हेही याच उदाहरणावरून स्पष्ट होते. पुढे २००६ मध्ये अन्य अभ्यासकांनी हेच आकडे तासाच्या सरासरीत बसविले, तेव्हा वादळाची तीव्रता सुमारे ८५० नॅनोटेस्ला इतकी काढण्यात आली. वादळ तेच, वहीही तीच. केवळ मोजण्याचा कालखंड बदलल्याने आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. कोणता आकडा कोणत्या तुलनेसाठी योग्य, हा तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, सहायकांनी तासाचीच वाट पाहिली असती तर ही चर्चा करण्यापुरतीही सामग्री हाती राहिली नसती.

मालिकेचे सातत्य

१८७० च्या दशकात कुलाब्यातही छायाचित्रण-पद्धतीची उपकरणे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळेच संकट उभे राहिले. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार होत्या व त्यांच्या विद्युत्प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी दूषित होणार हे उघड होते. तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. दरम्यान कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे चालू ठेवण्यात आली, जेणेकरून दोन्ही मालिकांची सांगड घालता यावी. मूस यांनी १८४६ ते १९०५ या कालखंडातील निरीक्षणांचे साक्षेपी संकलन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. जागा बदलली तरी मालिका तुटू दिली नाही, हे या स्थलांतराचे खरे यश होय.

संगणकीय लॉग : जुनेच प्रश्न नव्या रूपात

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'टेल' नावाची आज्ञा आहे. ती फाइलच्या शेवटच्या ओळी दाखविते व 'फॉलो' हा पर्याय दिल्यास नव्याने पडणारी प्रत्येक ओळ पडद्यावर आणत राहते. स्क्रिप्ट हेच काम पुढे नेते. फाइल शेवटी कोठपर्यंत वाचली ते स्थान ती लक्षात ठेवते, नवा मजकूर तेवढाच वाचते, ठरलेल्या खुणेशी ताडून पाहते आणि जुळल्यास इशारा देते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन हॅन्सन व टॉड अ‍ॅटकिन्स यांनी १९९३ मध्ये मांडलेला 'स्वॉच' हा अशा साधनांपैकी एक आरंभीचा प्रयत्न होय.

येथे कुलाब्याचे तिन्ही प्रश्न पुन्हा भेटतात. पहिला प्रश्न अंतराचा. स्क्रिप्टने फाइल दर किती सेकंदांनी पाहावी? फार वेळाने पाहिल्यास घटना निसटते. सतत पाहिल्यास यंत्रावर भार पडतो. लिनक्समध्ये २००५ साली आलेल्या 'आयनोटिफाय' या सुविधेने हा पेच बराच सोडविला. त्यात स्क्रिप्ट वारंवार विचारणा करीत नाही. फाइल बदलताच प्रणालीच तिला जागे करते.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. कोणत्या बदलास इशारा म्हणावे? मर्यादा फार खाली ठेवल्यास दिवसभर इशारे येत राहतात व अखेरीस त्यांकडे कोणी पाहीनासे होते. फार वर ठेवल्यास खरा धोका शांतपणे निघून जातो. ही मर्यादा यंत्र स्वतः ठरवीत नाही. नेहमीचे चलन किती हे जाणणाऱ्या माणसास ती आधी ठरवावी लागते.

तिसरा प्रश्न सातत्याचा. लॉग फाइल मोठी झाली की प्रणाली तिचे नाव बदलून ती बाजूस ठेवते व नवी फाइल सुरू करते. अजाणतेपणी लिहिलेली स्क्रिप्ट जुन्याच फाइलकडे पाहत बसते. तिच्यात नवी ओळ कधीच पडत नाही, इशारा येत नाही आणि सारे सुरळीत आहे असा समज होतो. नावातील बदल ओळखून नव्या फाइलकडे वळणारी स्क्रिप्ट लिहिणे म्हणजे एका अर्थी कुलाब्याहून अलिबागला जाण्याची तयारी ठेवणेच होय.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याने याला आणखी एक पैलू जोडला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे पैसे काढण्यात आले. १३ ऑगस्टच्या हस्तांतरणासह एकूण रक्कम ९४ कोटी रुपयांच्या घरात गेली. हल्लेखोरांनी उभारलेल्या बनावट स्विचने परस्पर मंजुरी दिल्याने त्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, असे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे ज्या वहीवर नजर होती तिच्यात नोंदच नव्हती. कोणती वही वाचायची हा निर्णयही पाहण्याइतकाच महत्त्वाचा आहे, हा त्याचा बोध.

यानंतर सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपणे, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि संगणकांची घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळविणे या बाबी बंधनकारक केल्या. सर्वांची घड्याळे एका वेळेवर आणण्याचा हा आग्रह गटिंगेनच्या योजनेची आठवण करून देतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नोंद ठेवणे आणि नोंदीवर नजर ठेवणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिले यंत्राकडे सोपविता येते. दुसऱ्याचा काही भाग स्क्रिप्टकडे सोपविता येतो. परंतु अंतर, मर्यादा व सातत्य यांचे नियम आधी माणसाने ठरवावे लागतात, आणि इशारा आल्यावर उठून काही करणारे कोणी तरी असावे लागते.

हा प्रश्न केवळ संगणकाचा नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व वस्ती वाहून गेली. गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, असे दुर्घटनेनंतरच्या वृत्तांतून पुढे आले. तक्रार हीदेखील एक नोंदच असते. ती लिहिली गेल्याने धरण सुरक्षित होत नाही. ती वेळेत वाचली जावी लागते.

आज आपल्या महाविद्यालयांतील प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय यांचे व्यवहार संगणकावर आले आहेत. त्यांच्या लॉग फाइल रोज वाढत आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्या उघडल्या जातात त्या काही बिघडल्यानंतरच. म्हणजे लॉग बुकची रोजकीर्द झाली आहे. हे बदलण्यासाठी महाग सामग्रीची आवश्यकता नाही. थोड्या ओळींची स्क्रिप्ट, विचारपूर्वक ठरविलेली मर्यादा आणि इशाऱ्यास उत्तर देण्यासाठी नेमलेली एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्यात याहून अधिक काही नव्हते. सूची ढळताच तासाची वाट न पाहता पुन्हा वाचन घेणारे सहायक होते, आणि तसे करण्याचा नियम वादळापूर्वीच लिहिलेला होता.